माहिती सुरक्षा परिषद

संगणकप्रणालींतील सुरक्षेच्या त्रुटी शोधणारे संशोधक आणि त्या प्रणाली सांभाळणारे व्यावसायिक ज्या मेळाव्यात एकत्र येऊन प्रात्यक्षिकांच्या आधारे चर्चा करतात, त्यास माहिती सुरक्षा परिषद असे म्हणतात. शैक्षणिक परिषदेत निबंधवाचनास प्राधान्य असते. येथे 'करून दाखविणे' महत्त्वाचे मानले जाते. महाराष्ट्रात पुणे आणि शेजारी गोवा ही अशा परिषदांची महत्त्वाची स्थाने आहेत.

या संदर्भात 'हॅकर' हा शब्द वारंवार येतो. मराठी वृत्तपत्रांत तो बहुधा 'संगणकीय चोर' या अर्थी योजला जातो. तथापि परिषदांच्या परिभाषेत प्रणालीच्या अंतरंगाचा शोध घेणारा कुशल मनुष्य, एवढाच त्याचा अर्थ आहे.

इतिहास

अमेरिकेतील लास व्हेगास येथे १९९३ मध्ये जेफ मॉस यांनी 'डेफ कॉन' सुरू केली आणि १९९७ मध्ये व्यावसायिकांसाठी 'ब्लॅक हॅट' ही परिषद काढली. २०१० च्या ब्लॅक हॅटमध्ये बार्नबी जॅक या संशोधकाने व्यासपीठावर ठेवलेल्या दोन एटीएम यंत्रांतून नोटांचा वर्षाव करून दाखविला. हे प्रात्यक्षिक आदल्या वर्षीच व्हावयाचे होते. परंतु यंत्राच्या उत्पादकाला दोष दुरुस्त करण्यास अवधी मिळावा म्हणून ते लांबणीवर टाकण्यात आले. दोष आधी उत्पादकास कळवावा आणि दुरुस्तीनंतरच जाहीर करावा, या प्रथेस 'जबाबदार प्रकटीकरण' म्हणतात.

पुणे आणि गोवा

डिसेंबर २००७ मध्ये पुण्यात 'क्लबहॅक' ही परिषद भरली. भारतातील या प्रकारच्या आरंभीच्या परिषदांत तिची गणना होते. पुढे 'नल' या स्वयंसेवी समुदायाच्या शाखा पुणे, मुंबई, बंगळूर आदी शहरांत कार्यरत झाल्या. त्यांच्या विनामूल्य सभा होतात. प्रत्यक्ष सरावाच्या कार्यशाळांना समुदायाने 'हमला' आणि 'बचाव' अशी समर्पक नावे दिली आहेत. पहिलीत आक्रमणाचे तंत्र शिकविले जाते, दुसरीत संरक्षणाचे. याच समुदायाने २०१० मध्ये गोव्यात 'नलकॉन' ही परिषद सुरू केली. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीच्या परिषदांना 'द्वितीय' व 'तृतीय' अशी संस्कृत नावे होती. २०२२ मध्ये नलकॉन बर्लिन येथेही भरली.

स्वरूप

आरंभीचे दोन-तीन दिवस लहान गटांसाठी सशुल्क प्रशिक्षणाचे असतात. त्यानंतर व्याख्याने होतात. विद्यार्थ्यांचे आकर्षण मात्र 'कॅप्चर द फ्लॅग' या स्पर्धेचे असते. स्पर्धेसाठी हेतुतः सदोष ठेवलेल्या प्रणालीत एक सांकेतिक अक्षरमाला दडविलेली असते. ती शोधून काढणाऱ्या संघास गुण मिळतात. प्रणाली आयोजकांची असल्याने कोणाचीही हानी न होता आक्रमणाचा अनुभव घेता येतो. पुस्तक वाचून पोहता येत नाही, तसाच हा विषय आहे.

कॉसमॉस बँक प्रकरण

अशा सरावाची निकड पुण्यातीलच एका घटनेने दिसून आली. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४.४२ कोटी रुपये लुटले गेले. एटीएममधून आलेली मागणी 'स्विच' या मध्यस्थ प्रणालीमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते, तेथे शिल्लक तपासली जाते आणि मगच होकार मिळतो. आक्रमकांनी एक बनावट स्विच उभा केला. मागण्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचूच न देता तोच परस्पर होकार देत राहिला. बनावट कार्डे वापरून २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले. उरलेले १३.९२ कोटी रुपये 'स्विफ्ट' व्यवस्थेद्वारे हाँगकाँगमधील एका खात्यात वळविले गेले. पैसे काढणाऱ्या टोळीतील ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये दोषी ठरविले.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या डिजिटल व्याप्तीनुसार तिचे चार स्तर ठरविले. जुन्नर, आंबेगाव यांसारख्या तालुक्यांत ज्यांचे दैनंदिन व्यवहार सहकारी बँकांतून होतात, त्यांच्या दृष्टीने ही चौकट परिषदांतील चमकदार प्रात्यक्षिकांहून अधिक मोलाची आहे. परंतु ती अमलात आणणारे कुशल कर्मचारी घडविण्यास कार्यशाळांखेरीज फारसा मार्ग नाही.

कायदेशीर बाजू

जुलै २००१ मध्ये दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन प्रणालीकाराने डेफ कॉनमध्ये ई-पुस्तकांच्या कुलुपातील दोषांवर व्याख्यान दिले आणि त्यानंतर त्याला अटक झाली. त्याच्यावरील आरोप पुढे मागे घेण्यात आले. त्याची कंपनीही २००२ मध्ये निर्दोष सुटली. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून प्रणालीत प्रवेश केल्यास नुकसानभरपाईचे दायित्व येते. हेतू अप्रामाणिक वा कपटाचा असल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सद्हेतूने दोष शोधणाऱ्या संशोधकासाठी कलम ४३ मध्ये वेगळा अपवाद नाही. आढळलेला दोष 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेस कळविता येतो. २००४ पासून कार्यरत असलेल्या या यंत्रणेस २०२१ मध्ये अशा दोषांना आंतरराष्ट्रीय 'सीव्हीई' क्रमांक देण्याचा अधिकार मिळाला.