वंगणाची निवड

जुन्या अँबॅसॅडर मोटारीचें पुढील आसन तळाशीं बसविलेल्या लोखंडी पट्ट्यांवरून मागेंपुढें सरकतें. ही मोटार १९५८ सालीं निघाली आणि २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. ज्या घरांनीं ती जिव्हाळ्यानें जतन केली आहे, त्यांना या पट्ट्यांस काय लावावें हा प्रश्न पडतो. प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. पण पट्टी मळानें जाम झाली, तर आसनाची खीळ खांचेंत पुरती बसत नाहीं, आणि ब्रेक दाबतांच आसन चालकासह पुढें घसरतें. याचें उत्तर शोधावयाचें तर भंडारा जिल्ह्यांतील बैलगाडीपर्यंत मागें गेलेलें बरें.

वैनगंगेकांठच्या या धानाच्या मुलखांत जवसाला तोटा नाहीं. धान कापण्यापूर्वींच ओल्या बांधींत, उभ्या पिकांत, जवस व लाखोळी फेकून पेरण्याची चाल येथें जुनी आहे. असें असूनहि गाडीच्या कण्याला एरंडेलच! यांत मोठें शहाणपण होतें. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून घेतें व वाळून त्याची चिवट साय बनते. म्हणून तर तें रंगाऱ्याच्या उपयोगीं पडतें. कण्यावर तेंच तेल चाकाचें वैरी झालें असतें. एरंडेल दाट असतें आणि तसें वाळत नाहीं. गाडीवान त्यांत जळक्या चिंध्यांची काजळी कालवून वंगण करीत, व बांबूच्या नळकांड्यांत भरून तें गाडीखालीं टांगीत.

१८८२ सालीं नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग या जिल्ह्यांतून राजनांदगांवास पोंचला. (तेव्हांच्या भंडारा जिल्ह्यांत आजचा गोंदियाहि होता, तो १९९९ सालीं वेगळा झाला.) त्या काळीं हिंदुस्थानांतील आगगाड्यांनाहि एरंडेलाचा आधार होता. पुढें इंग्लंडांत चार्ल्स वेकफील्डच्या कंपनीनें १९०९ सालीं एरंडेल मिसळलेलें तेल काढलें, आणि एरंडाच्या इंग्रजी नांवावरून त्यास कॅस्ट्रॉल म्हटलें. पहिल्या महायुद्धांतील विमानांचीं फिरतीं इंजिनेंहि एरंडेलावर चालत, कारण तें पेट्रोलांत सहजासहजीं विरघळत नाहीं. बांधावरचें झुडूप असें आकाशांत गेलें!

परंतु चाक अखंड फिरतें, आणि आसन महिन्यांतून एखादे वेळीं वीतभर सरकतें. अशा जागीं एरंडेल कालांतरानें राळेसारखें घट्ट होतें. त्यांत भंडाऱ्याच्या मे महिन्याची धूळ मिसळली कीं तें लोखंड घासूं लागतें. पातळ खनिज तेल ओघळून गालिचा नासवितें. चुन्याच्या साबणाचें जुनें ग्रीस फार उष्णतेंत टिकत नाहीं. १९४२ सालीं अमेरिकेंत क्लॅरेन्स अर्ल यानें लिथियमच्या साबणाच्या ग्रीसचें पेटंट मिळविलें. तें उष्णता व पाणी दोन्ही सोसतें. आसनाच्या पट्ट्यांना तेंच योग्य, पण अगदीं पातळ. आधीं जुना मळ रॉकेलनें धुवून पट्टी पुरती कोरडी करावी. मळावर नवें ग्रीस थापणें व्यर्थ. जेथें धूळ फारच, तेथें ग्राफाइटची कोरडी पूड बरी, कारण तिला धूळ चिकटत नाहीं. गाडीवानाची काजळीहि कार्बनच. मात्र ग्राफाइटचे थर जसे एकमेकांवरून घसरतात, तसे तिचे घसरत नाहींत. लेप दिल्यावर आसन दोन्ही टोकांपर्यंत चार वेळां सरकवावें, बाहेर आलेलें ग्रीस पुसावें, आणि प्रत्येक खांचेंत खीळ बसल्याचा टक् असा आवाज ऐकूनच मोटार रस्त्यावर काढावी.