आंदर मावळची वाट आणि वाटसरू

मुंबई-पुणे रस्त्याचा इतिहास आपण बहुधा त्याच्या लांबीने वाचतो. मुंबईहून निघावयाचे आणि पुण्यास पोहोचावयाचे. परंतु ज्याला हा रस्ता फक्त ओलांडावयाचा असतो, किंवा त्याच्या कडेने शेतावर, शाळेत, स्टेशनावर चालत जावयाचे असते, त्याच्या दृष्टीने तोच इतिहास निराळा दिसतो. येथे तो त्याच्या बाजूने पाहावयाचा आहे.

मावळ तालुक्याचे आज तीन भाग मानतात: आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ. पैकी आंद्रा नदीचे खोरे ते आंदर मावळ. कान्हे फाट्याहून निघून इंद्रायणी ओलांडली की टाकवे लागते आणि पुढे वडेश्वर, खांडी, कुसूर अशी गावे सह्याद्रीच्या कड्याला जाऊन भिडतात. कुसूर घाटाची वाट तेथून खाली कर्जतच्या बाजूस कोकणात उतरते.

या मुलखात वाटा फार जुन्या आहेत. इंद्रायणीच्या खोऱ्यातील कार्ल्याची लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तेथील शिलालेखांत धेनुकाकट गावच्या दात्यांची नावे आहेत, त्यांत यवनही आहेत. म्हणजे घाटावरून परमुलखातील माणसाचाही राबता होता. परंतु त्या वाटेवर सगळेच माणसाच्या किंवा लादलेल्या जनावराच्या पावलाने चालत. सावकार पुढे आणि मजूर मागे असेल. पण एकाच्या वेगाने दुसऱ्याच्या जिवाला धोका व्हावा, अशी स्थिती नव्हती.

पहिला मोठा बदल १८३० साली झाला. त्या वर्षी १० नोव्हेंबरला मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. घाट चाकाला चढता आला. लष्कर, टपाल आणि माल यांची सोय झाली. पण एक घाट राजमार्ग झाला की शेजारचे घाट आडवाटा ठरतात. कुसूरच्या वाटेचे पुढे तेच झाले.

त्यामागून आगगाडी आली. खंडाळा-पुणे मार्ग १८५८ साली सुरू झाला आणि बोरघाटाचा अवघड चढ २१ एप्रिल १८६३ रोजी. या घाटाच्या कामावर १८६१ साली एका वेळी ४२ हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतील कितीतरी दगावले. ज्यांनी डोंगर फोडला त्यांच्यापैकी फार थोड्यांना त्या गाडीत बसावयास मिळाले असेल.

खुद्द आंदर मावळात बदल आला तो पाण्याच्या रूपाने. १९२२ साली ठोकरवाडीचे धरण आणि भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. मुंबईला वीज मिळाली. येथे खोऱ्याचा सखल भाग पाण्याखाली गेला आणि त्याबरोबर पायवाटाही गेल्या. समोर दिसणाऱ्या गावाला वळसा घालून जाणे नशिबी आले.

या हिशेबात जमेची बाजू नाही असे मात्र नाही. ११ मार्च १९७८ रोजी पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. ती वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली असे थांबत जाते आणि म्हणूनच ती मावळच्या माणसाची गाडी झाली. सार्वजनिक वाहनाचे मोल त्याच्या वेगाइतकेच त्याच्या थांबण्यात असते, हे या लोकलने दाखवून दिले.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तेथे पादचारी, सायकल आणि दुचाकी यांना मज्जाव आहे. नियम योग्यच आहे. असल्या वेगात पायी माणसाने शिरू नये. पण ज्यांना तेथे मज्जाव, त्यांच्यासाठी दुसरीकडे काय केले, हा प्रश्न उरतोच. टाकवे परिसरात कारखाने आले, पावसाळ्यात सहलीच्या मोटारी येऊ लागल्या. आणि लोकलमधून उतरलेला माणूस त्याच रस्त्याच्या कडेने घरची वाट धरतो.

दुर्लक्षाची किंमत काय असते, हे तालुक्याने १५ जून २०२५ रोजी पाहिले. इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पादचारी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. परंतु फलक म्हणजे पूल नव्हे. सावध करून मोकळे होणे वेगळे आणि सुरक्षित वाट देणे वेगळे.

हे सारे अटळ आहे असे कोणी समजू नये. हॉलंडमध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांवर माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, चळवळ झाली, आणि पुढील काळात त्या देशाने वस्तीतील मोटारींचा वेग उतरविला व सायकलींना स्वतंत्र वाटा दिल्या. सायकलींचा देश म्हणून आज जो आपण ओळखतो, तो असा घडविलेला आहे. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसे दगावली. त्यांत जवळजवळ दर पाचांमागे एक पायी चालणारा होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळ्या पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे.

तेव्हा मागणे अवघड नाही. गावातून जाणाऱ्या रस्त्याला कडेने चालण्याजोगी पट्टी आणि रात्री दिवा असावा. शाळेपाशी आणि बाजारापाशी मोटारीचा वेग ताशी तीस किलोमीटरवर यावा. या वेगात धक्का लागलेला माणूस बहुधा वाचतो, दुप्पट वेगात बहुधा वाचत नाही. एस.टी.ची वेळ लोकलच्या वेळेशी जुळावी आणि स्टेशनाशी सायकल निर्धास्तपणे ठेवता यावी. यातील एकाही कामासाठी डोंगर फोडावा लागत नाही.

गेली दोनशे वर्षे मावळच्या प्रत्येक नव्या मार्गाचे मोल मुंबई किती तासांनी जवळ आली यावरून ठरले. यापुढे त्याबरोबर दुसराही एक हिशेब मांडला पाहिजे: टाकव्याची शाळकरी मुलगी एकटी, भर पावसात, घरून निघून सुखरूप शाळेत पोहोचते की नाही? आपण शहरातून वर्षासहलीला तेथे जातो, तेव्हा तिच्या वाटेवरची मोटार आपलीच असते. म्हणून या हिशेबाचे उत्तर देण्याची जबाबदारी केवळ सरकारची नाही, आपलीही आहे.