फडातला उस्ताद आणि बाहेरचं माणूस

नाटक, नाच, गाणं शिकणाऱ्या मुलांना मनाचा आधार कोण देतं, आणि पूर्वी कोण देत होतं, हा आजचा विषय. 'समुपदेशन' हा शब्द नवा आहे. गरज जुनी आहे. आपण आपल्या नगर जिल्ह्यातूनच सुरुवात करू. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या जिभेला अजून सवय व्हायची आहे!

संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा नावाचं गाव आहे. तिथली पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली. तमाशाच्या बोर्डावर आलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांत तिचं नाव घेतात. त्याआधी बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. बापूराव जन्मानं कुलकर्णी, पवळा महार समाजातली. तेव्हा समाज काय काय बोलला असेल ते वेगळं सांगायला नको. आम्हाला मात्र दुसरीच गोष्ट अस्वस्थ करते. लोक असं बोलतात तेव्हा काय करायचं, हे विचारायला पवळेच्या आधीची अशी बाईच नव्हती.

पुढे फड हीच शाळा झाली आणि फड हेच घर. दसऱ्याला बाहेर पडायचं, गावोगावच्या जत्रा करायच्या, राहुटीत झोपायचं. पोरगी ढोलकीच्या आवाजात मोठी व्हायची, पाहून पाहून शिकायची. तिथं माया होती, हे आम्ही मुद्दाम सांगतो. शहरातल्या लोकांना ते दिसत नाही. पण जरा हिशोब मांडून बघा. जो उस्ताद तोच बहुधा मालक, पुष्कळदा नात्यातला. हंगामाच्या आधी उचल देणाराही तोच. उचल घेतली की ती फिटेपर्यंत माणूस बांधला गेला. मग मनातलं सांगायचं कुणाला? ज्याचे पैसे अंगावर आहेत त्यालाच?

कांताबाई सातारकरांचं उदाहरण घ्या. जन्म गुजरातेतला, बालपण साताऱ्यात, आणि कर्मभूमी संगमनेर. तुकाराम खेडकरांचं निधन झालं तेव्हा त्यांच्या पदरात लहान मुलं होती. आधार गेला तो नवऱ्याचा आणि फडाचा, एकदमच. फड हेच घर असलं की असं होतं. बाईंनी पुढे स्वतःचा फड उभा केला, नाव कमावलं. २०२१ साली कोरोनात त्या गेल्या. पण सगळ्यांत कांताबाईंची ताकद असते असं धरून व्यवस्था चालत नाही.

शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या विठाबाई नारायणगावकरांची आठवण सगळ्यांना ठाऊक आहे. खेळ चालू असताना बाळंतपण झालं आणि त्या पुन्हा बोर्डावर आल्या, असं सांगतात. आपण हा प्रसंग कौतुकानं सांगतो. आम्हीही वर्गात तसाच सांगत आलो. आता वाटतं, त्या रात्री 'आज खेळ नको' म्हणायचा अधिकार नेमका कुणाकडे होता?

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून एक सांगतो. अभिनवगुप्तांच्या मते रसाचा आस्वाद घेणारा प्रेक्षक. नट हे नुसतं पात्र. मद्याची चव प्याल्याला थोडीच कळते! दृष्टांत देखणा आहे, आम्ही तो तीस वर्षं शिकवला. पण प्याल्यालाही तडा जातो, हे आम्हाला एका विद्यार्थिनीनं शिकवलं.

ती एकांकिकेत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोचं काम करत होती. घरी तसंच घडलेलं. तालीम संपली तरी रडू थांबेना, म्हणून आमच्याकडे आली. आणि आम्ही काय केलं, तर तिला अभिनवगुप्त समजावून सांगितला! तिनं शांतपणे ऐकलं. जाताना म्हणाली, "सर, आमच्या बसवणाऱ्या सरांना सांगू नका हं, नाहीतर माझं काम जाईल." आम्ही सांगितलं नाही. तिला अभिनयाचं बक्षीस मिळालं, आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे चौकशी करायची राहून गेली, ती कायमची.

तिच्या त्या एका वाक्यात फडाचा सगळा इतिहास आहे. आजच्या महाविद्यालयात उचल नाही, पण भूमिका देणारे, गुण देणारे आणि धीर देणारे सर बऱ्याचदा एकच असतात. सर कितीही चांगले असोत, पोर त्यांच्याकडे निम्मंच बोलणार.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सुकदेव साहा खटल्यात सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. पटसंख्या कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी हवी. आमच्या मते कलेच्या शिक्षणात हा दुसरा भागच जास्त कामाचा. गाण्याच्या वर्गात वीस मुलं असतात, नाचाच्या वर्गात पंधरा. तालमीच्या खोलीबाहेर एखादा फलक हवा: त्यावर बाहेरच्या माणसाचं नाव, वार आणि वेळ. शेजारी सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक. तो फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आणि फलकावर एक ओळ ठळक हवी, की इथं बोललेलं दिग्दर्शकाला कळवलं जाणार नाही.

फडांचं काय, असं मघाशी एका श्रोत्यानं चिठ्ठीवर विचारलंय. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावकरी सुपाऱ्या द्यायला येतात. बहुतेक फडमालक तेव्हा एका जागी भेटतात. तिथं आणखी एक राहुटी टाकायला फार खर्च येणार नाही. मात्र तिच्यात बसणारं माणूस ना फडाचं हवं, ना सुपारी देणाऱ्या गावाचं.