तुडतुडा कुणी मोठा केला?

माझ्या आजोबांनी धानाला खोडकिडा लागलेला पाहिला होता, गादमाशी पाहिली होती. तुडतुड्याने बांधी जळाली, असं मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पुढे माझी सगळी नोकरी कृषी सहाय्यक म्हणून साकोली-लाखांदूरकडच्या धानपट्ट्यात झाली आणि सप्टेंबर संपत आला की दारात एकच प्रश्न असायचा : "साहेब, तुडतुडा लागला, कोनती दवाई मारू?" आजोबांच्या आणि माझ्या काळाच्या मध्ये काय घडलं, हे मला हवं होतं. त्याचं उत्तर भंडाऱ्यात नव्हतं. ते जपान, फिलिपाईन्स आणि इंडोनेशियात विखुरलेलं होतं, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा पुन्हा आपल्याच देशात येऊन पोचत होता.

तुडतुड्याची जुनी दहशत जपानची. 1732 साली पश्चिम जपानात तुडतुड्यांनी भात खाल्लं आणि क्योहोचा दुष्काळ पडला. तिथले शेतकरी खाचरातल्या पाण्यावर देवमाशाच्या तेलाचा तवंग सोडत आणि चूड, म्हणजे धानाचा झुबका, झोडपून किडे त्यात पाडत. नवल म्हणजे हा तपकिरी तुडतुडा जपानच्या हिवाळ्यात जगत नाही. मग दर उन्हाळ्यात येतो कुठून? 1967 मध्ये किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, भर समुद्रात उभ्या असलेल्या हवामान-निरीक्षण जहाजावर तुडतुड्यांचा थवाच्या थवा उतरला, तेव्हा कोडं सुटायला लागलं. चीनच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर स्वार होऊन हा गव्हाएवढाही नसलेला किडा समुद्र ओलांडत होता. त्याच्या शरीरातच तशी सोय आहे. खायला मुबलक असेल तेव्हा आखूड पंखांच्या माद्या निपजतात. त्या उडत नाहीत, जागेवर भराभर अंडी घालतात. गर्दी झाली, धान सुकायला लागलं, की पुढची पिढी लांब पंखांची होते आणि उठून जाते.

किडा पिकाचा रोग वाहून नेतो, हेही पहिल्यांदा भातशेतीतच लक्षात आलं, आणि तेही एका शेतकऱ्याच्या. शिगा प्रांतातल्या हात्सुझो हाशिमोतो याने 1883 च्या सुमारास आपल्या खुज्या राहिलेल्या भाताचा आणि त्यावरच्या तुडतुड्यांचा संबंध जोडून पाहिला. विषाणू नावाची काही चीज असते, हे तेव्हा जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला ठाऊक नव्हतं. डासावाचून हिवताप पसरत नाही तसा तुडतुड्यावाचून तो खुजेपणा पसरत नव्हता, एवढं त्या माणसाने बांधावर उभं राहून ताडलं होतं. माझ्या खात्याच्या प्रशिक्षणात मी त्याचं नाव ऐकलं नाही. ते घ्यायला हवं होतं असं मला वाटतं.

आता फिलिपाईन्सकडे येतो. लॉस बान्योस इथे 1960 मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली आणि 1966 मध्ये तिने 'आयआर-8' दिलं. बुटकं, ताठ, युरिया पचवणारं, न लोळणारं. आशियाभर धानाची पद्धतच पालटली. कालव्याचं पाणी आलं, तिथे वर्षाला दोन-दोन, तीन-तीन पिकं निघू लागली. पानं गर्द हिरवी, चूड दाट, बुडाशी सावली आणि ओल. तुडतुड्याला आणखी काय हवं होतं? पूर्वी तो होता, पण दुय्यम कीड म्हणून. सत्तरच्या दशकात तो फिलिपाईन्स, इंडोनेशिया आणि आपल्या केरळात उसळला. 1973-74 मध्ये कुट्टनाडची खाचरं गोल गोल चकत्यांनी करपली.

त्याच्यासोबत एक विषाणूही आला. लॉस बान्योसच्या शेतात 1963 मध्येच तो दिसला होता. नाव पडलं ग्रासी स्टंट. हा रोग झालेला चूड एकदा पाहिला की विसरत नाही. फुटवे भरमसाट, पण वीतभर उंचीचे. पानं अरुंद, फिक्की, गंजलेल्या ठिपक्यांची. लोंबी जवळपास नाहीच. धानाच्या जागी गवताचा झुबका उभा आहे असं वाटतं. तुडतुडा रोगट चुडातला रस ओढतो, विषाणू त्याच्या पोटात जातो, तिथे वाढतो आणि काही दिवसांनी तो किडा जन्मभराचा वाहक होतो. अंड्यातून मात्र हा विषाणू उतरत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने उचलावा लागतो. म्हणून जिथे शेतात बाराही महिने धान उभं असतं, तिथे त्याचं फावतं. मधे दोन महिने जमीन रिकामी राहिली, तर साखळी तुटते. वर्षाला एकच धान घेणाऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीला ही सुट्टी आपोआप मिळत होती.

इथे फवारणीची गोष्ट येते, आणि मला तीच सांगायची आहे. दर पंधरवड्याला, कीड असो-नसो, औषध मारायचं असा त्या काळचा शिरस्ता होता. पीटर केनमोर नावाच्या तरुण अभ्यासकाने सत्तरच्या दशकाच्या शेवटी लॉस बान्योसच्या परिसरात फवारलेली आणि न फवारलेली खाचरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. तुडतुड्यांनी करपली ती फवारलेली. न फवारलेल्या खाचरात लांडगा-कोळी चुडाच्या बुडाशी हिंडून तुडतुडे खात होता आणि एक बारीक हिरवा ढेकूण त्यांची अंडी शोषत होता. औषधाने हे दोघे मेले. तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात खुपसलेली असतात, ती वाचली. आठवड्याभराने पिल्लं बाहेर आली तेव्हा खाणारं कुणी उरलंच नव्हतं. पुढचा फवारा मारला, तेव्हा तुडतुडे पूर्वीपेक्षा जास्त.

इंडोनेशियाने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. 1984 मध्ये तो देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी रोममध्ये जागतिक अन्न आणि शेती संघटनेच्या व्यासपीठावरून ते अभिमानाने सांगितलं. पण कीटकनाशकाच्या किमतीचा जवळजवळ ऐंशी टक्के वाटा सरकारच उचलत होतं. औषध पाण्याच्या भावात मिळत होतं. 1985-86 मध्ये जावातलं धान तुडतुड्याने पुन्हा करपलं. नोव्हेंबर 1986 मध्ये सुहार्तोंनी आदेश काढला : धानावर 57 कीटकनाशकांना बंदी. 1989 पर्यंत अनुदानही संपलं. औषध कमी झालं म्हणून उत्पादन कोसळेल, अशी भीती घालणारे तेव्हा पुष्कळ होते. ते कोसळलं नाही. 1989 पासूनच गावोगाव शेतकऱ्यांचे वर्ग भरू लागले. वर्ग बांधावर, पाठ्यपुस्तक म्हणजे चूड. आपल्याकडे कृषी विभाग ज्या शेतीशाळा भरवतो, त्यांचं मूळ तिथलं. सोयाबीन असो की धान, आधी शेतात उतरून मित्रकिडे आणि शत्रुकिडे वेगळे मोजायचे, ही रीत तिथून आली. माझ्या शेतीशाळेत बायका हे काम पुरुषांपेक्षा चोख करत, कारण निंदणीच्या दिवसांत चुडाच्या बुडाशी त्यांचीच नजर असते.

फवारा थांबवला तरी विषाणू राहतोच. त्यावरची तोड याआधीच, सत्तरच्या दशकात, बियाण्यातून निघाली होती. लॉस बान्योसमध्ये हजारो वाण रोगट तुडतुड्यांसमोर ठेवून पाहिले. लागवडीच्या एकाही वाणाने भरवशाचा टिकाव धरला नाही. टिकलं ते उत्तर प्रदेशातून 1963 मध्ये गोळा केलेलं एक जंगली धान. हे तळ्याच्या काठाला आपसूक उगवतं, त्याचे दाणे पिकताच गळून पडतात आणि शेतात शिरलं तर शेतकरी ते तण म्हणून उपटतो. शर्मा आणि शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये त्याचं शास्त्रीय नामकरण केलं, ते आपल्या नीवारावरून. ज्या नीवाराचे दाणे शाकुंतलातल्या आश्रमात झाडांखाली सांडलेले आहेत, तोच. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून आपल्याकडे देवभात शोधतात, तोही याच गोतातला.

त्याच संस्थेतल्या, पंजाबात जन्मलेल्या गुरदेव खुश यांनी त्या जंगली धानातला रोगप्रतिकारक गुण वारंवार संकर करून लागवडीच्या धानात आणला. 1976 मध्ये 'आयआर-36' निघालं. त्याच्या वंशावळीत कटकहून गेलेला, केरळातल्या पट्टांबीच्या वाणांचा अंश असलेला संकरही आहे. तुडतुड्याला तोंड देण्याचा गुण तिकडून आला. सुमारे 110 दिवसांत तयार होणारं हे धान ऐंशीच्या दशकात जगभर 1 कोटी 10 लाख हेक्टरवर होतं. एका वाणाचा एवढा पसारा त्याआधी कधी झाला नव्हता. आमच्याकडेही ते आलं आणि लोकांनी त्याला नुसतं 'छत्तीस' म्हणून ओळखलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. 1982-83 मध्ये फिलिपाईन्सात ग्रासी स्टंटचा नवा प्रकार सापडला आणि नीवाराचा तो गुण त्याच्यापुढे चालेना. तुडतुड्यानेही एकेका प्रतिकारक वाणाशी काही वर्षांत जुळवून घेतलं होतं. 'आयआर-26' तर दोन-तीन वर्षांतच हरलं होतं. बी, फवारा, कोळी यांपैकी एकट्यावर विसंबून कुणाचंच निभावलं नाही.

म्हणून मी शेतकऱ्यांना जे सांगत आलो, ते अगदी साधं आहे. रोवणी करताना काही ओळींनंतर पट्टा मोकळा सोडा, म्हणजे बुडाशी वारा-ऊन पोचेल. युरिया एकदम ओतू नका. चूड झटकून पाण्यावर पडलेले तुडतुडे मोजा आणि चुडामागे दहाच्या पुढे गेल्याशिवाय फवारा काढू नका. एक गोष्ट मात्र शेतकऱ्याला नाही, तलावांची कामं काढणाऱ्यांना सांगायची आहे. आमचा भंडारा-गोंदिया तलावांचा मुलूख. मालगुजारी तलावांच्या उथळ कडेला उगवणाऱ्या जंगली धानाची कुठल्याही अंदाजपत्रकात नोंद नसते, आणि पोकलेन लागलं की पहिल्यांदा तीच कड जाते. गाळ जरूर काढा. पण एक बाजू उथळ ठेवा आणि खोदण्याआधी तिथलं बी साकोलीच्या किंवा सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राकडे पोचवा. पुढचा विषाणू आला की प्रयोगशाळेला पहिल्यांदा तेच मागावं लागेल.