सपाट गाठ दिसू लागली, त्याचा इतिहास

रत्नागिरीकरांना कातळशिल्पांबद्दल वेगळं सांगायला नको. सड्यावरून ये-जा करणाऱ्या बहुतेकांना ती दिसली नाहीत, कारण शिल्प म्हणजे काहीतरी उभं, असंच आपल्या डोक्यात असतं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत डॉक्टरांचंही असंच झालं.

१९६९ साली न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या यांनी कोलोनोस्कोपमधून तारेच्या फासाने पॉलिप काढायला सुरुवात केली. मग शोधायचं ते वर आलेलं, देठ असलेलं, हे जणू ठरूनच गेलं. १९८५ मध्ये जपानच्या मुतो यांनी लहान, सपाट गाठींचं वर्णन केलं. पुढे अकिताच्या कुडो यांनी खोलगट गाठींचा पाठपुरावा केला. या गाठी विरळ, पण आकाराने लहान असतानाच खोल शिरणाऱ्या. पाश्चात्त्य डॉक्टर बराच काळ म्हणत राहिले, की हा जपानचा आजार! २००० साली इंग्लंडमध्ये लीड्सच्या डॉक्टरांनी १,००० तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सापडलेल्या ३२१ अ‍ॅडेनोमांपैकी ११७ सपाट होते. म्हणजे फरक देशाचा कमी, नजरेचा जास्त.

आता, ही गाठ ओळखायची कशी? थोडासा लालसरपणा, मध्येच तुटलेली रक्तवाहिन्यांची नक्षी, एवढीच खूण असते. तिथे पाण्याने धुऊन इंडिगो कार्माइन, म्हणजे निळीच्या कुळातला रंग, फवारतात. तो आत शोषला जात नाही, खाचांत साचतो, आणि गाठीची कड उठून दिसते. मग भिंगाखाली पृष्ठभागावरच्या छिद्रांची ठेवण बघतात. कुडो यांची वर्गवारी याच ठेवणीवर उभी आहे. ठेवण पार मोडली असेल, तर रोग खोल गेल्याची शंका घ्यायची, आणि दुर्बिणीतून काढण्याऐवजी शस्त्रक्रियेचा विचार करायचा. २००२ मध्ये पॅरिसला जमलेल्या तज्ज्ञांनी किंचित उंच, सपाट आणि खोलगट अशी नावं पक्की केली. त्यामुळे सगळे एकाच भाषेत बोलू लागले.

याचा आपल्याशी संबंध काय? आपल्याकडे २०१६ च्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. म्हणजे इथला माणूस तपासणीला येतो तो त्रास झाल्यावरच. त्यातही शौचातून रक्त गेलं की “मूळव्याधच असेल” म्हणत महिने काढतो. तसं करू नका. आणि कोलोनोस्कोपी ठरलीच, तर पोट साफ करायचं औषध सांगितलंय तेवढं सगळं घ्या. देठाची गाठ थोड्या मळातही डोकं वर काढते. सपाट गाठ मात्र त्याखाली झाकून जाते, मग बघणारा कितीही तयारीचा असो.