जादुई कन्या ॲनिमेमधील फाउस्टीय करार आणि मोहकर्ता

फाउस्टीय करार म्हणजे एखादी तीव्र इच्छा तत्काळ पूर्ण व्हावी म्हणून आत्मा, आयुष्य किंवा स्वत्व गहाण टाकून केलेला सौदा होय. जपानी चलचित्रमालिकांच्या, म्हणजे ॲनिमेच्या, 'जादुई कन्या' या प्रकारात एकविसाव्या शतकात हा सौदा कथेच्या केंद्रस्थानी आला. असा सौदा करण्यास प्रवृत्त करणाऱ्या पात्रास 'मोहकर्ता' म्हणता येईल. २०११ सालच्या 'पुएल्ला मागी मादोका मागिका' या मालिकेतील क्यूबे हे या पात्राचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे.

संकल्पनेचा उगम

योहान गेओर्ग फाउस्ट नावाचा एक भटका ज्योतिषी व किमयागार सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत होऊन गेला. त्याच्याविषयीच्या दंतकथा एकत्र करणारे पुस्तक १५८७ साली फ्रांकफुर्ट येथे छापले गेले. त्यात फाउस्ट ठरावीक वर्षांच्या सुखाच्या बदल्यात सैतानाला आत्मा देतो आणि शेवटी त्याचा नाश होतो. इंग्रज नाटककार ख्रिस्तोफर मार्लो याने या कथेवर नाटक लिहिले. जर्मन महाकवी गटे याच्या 'फाउस्ट' या काव्यनाट्याचा पहिला भाग १८०८ साली, तर दुसरा भाग कवीच्या मृत्यूनंतर १८३२ साली प्रसिद्ध झाला. गटेच्या कृतीत मेफिस्टोफेलिस हा केवळ भीतिदायक सैतान राहत नाही. तो चतुर, विनोदी आणि बोलका आहे. फाउस्टच्या मोहापायी ग्रेटशेन या निरपराध मुलीची वाताहत होते. मात्र दुसऱ्या भागाच्या अखेरीस तीच त्याच्या उद्धारासाठी प्रार्थना करते.

जपानमध्ये मोरी ओगाई यांनी केलेला 'फाउस्ट'चा अनुवाद १९१३ साली प्रसिद्ध झाला. चित्रकथाकार तेझुका ओसामू यांनी या कथेवर तीन वेळा चित्रकथा रचली. त्यांपैकी 'निओ फाउस्ट' त्यांच्या १९८९ मधील निधनामुळे अपूर्ण राहिली. मराठीत पहिल्या भागाचा अनुवाद विंदा करंदीकर यांनी केला असून तो १९६५ साली प्रसिद्ध झाला.

जादुई कन्या: देणगीकडून सौद्याकडे

या प्रकाराचा आरंभ १९६६ सालच्या 'माहोत्सुकाई सॅली' या मालिकेपासून मानला जातो. तिची नायिका जादूच्या राज्यातील राजकन्या असल्याने तिला जादू जन्मतःच लाभलेली आहे. १९६९ सालच्या 'हिमित्सु नो आक्कोचान' मध्ये एका साध्या मुलीला, तिने आरशाची आस्थेने निगा राखली म्हणून, जादूचा आरसा मिळतो. येथे जादू हे सद्वर्तनाचे बक्षीस आहे आणि त्यासाठी कोणतीही किंमत मोजावी लागत नाही.

१९८३ सालच्या 'क्रीमी मामी' या मालिकेत जादूला एक वर्षाची मुदत आहे, म्हणजे देणगीला अट जोडलेली आहे. १९९२ साली सुरू झालेल्या 'सेलर मून' मध्ये लूना ही बोलणारी मांजर नायिकेला तिच्या कर्तव्याची जाणीव करून देते. गोजिरवाणा प्राणी, त्याने दिलेली वस्तू आणि त्यातून होणारे रूपांतर हा साचा यानंतर रूढ झाला. त्या प्राण्यावर विश्वास ठेवावा, हे प्रेक्षकांनीही गृहीत धरले. पुढील काळातील मोहकर्ता याच विश्वासाच्या आड लपतो.

प्रमुख उदाहरणे

'प्रिन्सेस टुटू' (२००२–२००३) या मालिकेत द्रोसेलमायर हा मृत कथाकार एका बदकाच्या पिल्लाला लोलक देऊन मुलगी बनवतो. राजपुत्राच्या हृदयाचे विखुरलेले तुकडे गोळा करण्याचे काम तिच्याकडे येते. तथापि, तिने राजपुत्राजवळ आपले प्रेम बोलून दाखवले तर ती प्रकाशाचा ठिपका होऊन नाहीशी होणार, अशी अट आहे. द्रोसेलमायरला तिचा आत्मा नको असतो. त्याला रंगतदार शोकांतिका हवी असते. अखेरीस हृदयाचा शेवटचा तुकडा म्हणजे तिच्या गळ्यातील लोलकच असल्याचे उघड होते आणि तो परत करून ती पुन्हा बदक होते.

'पुएल्ला मागी मादोका मागिका' (२०११) ही बारा भागांची मालिका शिंबो आकियुकी यांनी दिग्दर्शित केली असून तिचे लेखन उरोबुची गेन यांचे आहे. निर्मिती शाफ्ट या संस्थेची आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपामुळे शेवटच्या दोन भागांचे प्रक्षेपण पुढे ढकलले गेले व ते एप्रिलमध्ये दाखवण्यात आले. मालिकेत क्यूबे हा पांढरा, मांजरासारखा प्राणी शाळकरी मुलींपुढे एक प्रस्ताव ठेवतो: कोणतीही एक इच्छा मागावी आणि त्या बदल्यात चेटकिणींशी लढणारी जादुई कन्या व्हावे. करार झाल्यावर मुलीचा आत्मा देहातून काढून एका रत्नात ठेवला जातो, हे तिला नंतर कळते. निराशेने ते रत्न पूर्ण काळवंडले की तीच मुलगी चेटकीण होते. या रूपांतरातून निघणारी ऊर्जा विश्वाचा ऱ्हास रोखण्यासाठी वापरणे, हा क्यूबेचा खरा हेतू असतो.

मालिकेतील इच्छा बहुधा परोपकाराच्या आहेत. मिकी सायाका आपल्या वादक मित्राचा निकामी हात बरा व्हावा, अशी इच्छा मागते. साकुरा क्योकोची इच्छा लोकांनी आपल्या वडिलांचे प्रवचन ऐकावे, ही असते. तोमोए मामी अपघातात मरणासन्न असताना जगण्याची इच्छा करते. फाउस्टला अमर्याद अनुभवाचा हव्यास होता; या मुलींचा दोष एवढाच, की त्यांना दुसऱ्याचे दुःख पाहवत नाही किंवा मरण नको असते. गटेच्या कृतीशी असलेले नाते मालिका लपवत नाही. 'वाल्पुर्गिसनाख्त' हे एका महाबलाढ्य चेटकिणीचे नाव आहे, तर मादोकाच्या संभाव्य चेटकीणरूपाचे नाव 'क्रीमहिल्ड ग्रेटशेन' आहे. अखेरीस मादोका करार नाकारत नाही. सर्व काळातील जादुई कन्या चेटकिणी होण्यापूर्वीच त्यांना आपल्या हातांनी मुक्त करता यावे, अशी इच्छा मागून ती कराराचाच नियम बदलते. २०१३ सालच्या 'रिबेलियन' या चित्रपटात आकेमी होमुरा मादोकाला त्या त्यागातून परत खेचते आणि स्वतःला सैतान म्हणवून घेते.

'युकी युना वा युशा दे आरु' (२०१४) मध्ये असाधारण शक्ती वापरल्यावर प्रत्येक वेळी मुलींची एखादी शारीरिक क्षमता हिरावली जाते. एकीची चव जाते, दुसरीचा आवाज जातो, तिसरीच्या एका डोळ्याची दृष्टी जाते. येथे मोहकर्ता एक व्यक्ती नाही. ही किंमत ठाऊक असूनही मुलींपासून ती दडवणारी संस्था आहे.

'महो शोजो इकुसेई केइकाकु' (२०१६) मध्ये एका मोबाईल खेळातून सोळा जणांना जादू मिळते. त्यानंतर फाव हे खेळातील पात्र संख्या निम्म्यावर आणण्याची घोषणा करते. जादू गमावणारी व्यक्ती प्राणासही मुकते, हे खेळ सुरू झाल्यावरच स्पष्ट होते.

मोहकर्त्याची लक्षणे

या पात्रांत काही समान लक्षणे आढळतात. बहुतेकांचे बाह्यरूप निरुपद्रवी असते. ते सहसा दुःख, एकटेपणा किंवा संकट यांच्या क्षणी प्रकट होतात. ते बळजबरी करत नाहीत. अंतिम होकार मुलीकडूनच घेतात आणि पुढे त्या होकाराचाच दाखला देतात. क्यूबे सहसा थेट खोटे बोलत नाही. सत्य का दडवले, असे विचारल्यावर तुम्ही विचारले नव्हते, असा त्याच्या उत्तराचा आशय असतो. त्याला मानवी भावना नाहीत. त्यामुळे त्याच्यात मेफिस्टोफेलिसचा उपरोध नाही, केवळ हिशेब आहे. माणूस जनावरे पाळतो तसेच हे नाते आहे, असे तो स्वतःच सांगतो.

भारतीय व मराठी संदर्भ

बौद्ध परंपरेतील मार हा मोहकर्त्याचा प्राचीन आदिरूप आहे. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक १ मधील भित्तिचित्रात आणि क्रमांक २६ मधील शिल्पपटात मार आपल्या सेनेसह व कन्यांसह ध्यानस्थ बोधिसत्त्वाला विचलित करू पाहतो. मात्र तेथे करार घडत नाही, कारण बोधिसत्त्वाला काहीही मागायचे नसते. कठोपनिषदात यम नचिकेत्याला संपत्ती व दीर्घायुष्य देऊ करतो. तो ते नाकारतो, तेव्हा यमच त्याचा गुरू होतो. भस्मासुराच्या कथेत वर खरा असतो, परंतु त्याचा परिणाम मागणाऱ्यावरच उलटतो.

अपुऱ्या माहितीवर दिलेला होकार कितपत बंधनकारक मानावा, हा प्रश्न महाराष्ट्राच्या इतिहासातही उभा राहिला होता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले. त्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यांपैकी अनेकांना त्या कागदांवरील मजकूर वाचताही येत नव्हता. त्यानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करण्यात आला. त्याने केवळ रोख्यावरील अंगठा न पाहता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नसते. अज्ञानाशी केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरी बीबी खटल्यात दिला. याच कायद्याच्या कलम १७ नुसार केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. परंतु बोलणे हे कर्तव्य असताना पाळलेले मौन कपट ठरू शकते. मादोका चौदा वर्षांची आहे. या कसोटीवर क्यूबेचे करार टिकणारे नाहीत.

अर्थनिर्णय

या मालिकांकडे दोन दृष्टींनी पाहता येते. पहिल्या दृष्टीनुसार त्या मुलींच्या इच्छेलाच अपराध ठरवतात आणि स्वप्न पाहणाऱ्या मुलीला शिक्षा देतात. दुसऱ्या दृष्टीनुसार त्यांचा रोख इच्छेवर नसून मुलांच्या भाबडेपणातून लाभ उठवणाऱ्या प्रौढ व्यवस्थेवर आहे. 'प्रिन्सेस टुटू' आणि 'मादोका मागिका' यांचे शेवट दुसऱ्या दृष्टीस अधिक अनुकूल आहेत. दोन्ही नायिका फसवणूक पूर्णपणे समजल्यानंतर पुन्हा निवड करतात, आणि कथेतील सुटका त्यांच्या या दुसऱ्या, जाणत्या निवडीतून होते.