मोरचूद आणि द्राक्षमळ्यांची माती

फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील मेदोक प्रांतात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद व चुना यांचे निळसर पाणी शिंपडण्याची रीत होती. तीत शास्त्राचा भाग नव्हता. फळे विषारी दिसावीत आणि वाटसरूंनी घड तोडू नयेत, एवढाच तिचा हेतू. १८८२ च्या ऑक्टोबरात बोर्डो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे सँ-जुलियाँ गावावरून जात होते. केवडा रोगाने मळ्यांतील वेली पर्णहीन झाल्या असता वाटेवरील वेली मात्र हिरव्या राहिल्या आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले.

हा केवडा अमेरिकेतून आलेला. वेलींची मुळे पोखरणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने हतबल झालेल्या फ्रेंच बागाइतदारांनी तिला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेली आणविल्या. त्यांच्यासवे १८७८ च्या सुमारास ही बुरशीही उतरली. मिलार्दे यांनी रसायनज्ञ गेयाँ यांच्या साहाय्याने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. तीत शंभर लिटर पाण्यास तब्बल ८ किलो मोरचूद होते! पुढे हे प्रमाण पुष्कळ उतरले, पण फवारणी थांबली नाही.

चोरांना भिवविण्याच्या युक्तीने फ्रान्सचा द्राक्षव्यवसाय तारला, हे खरे. परंतु मोरचुदातील तांबे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, विरत नाही. पावसाने पानांवरून ओघळलेले तांबे मातीतील चिकणकणांना व सेंद्रिय द्रव्याला चिकटून वरच्या थरातच बसते. जुन्या वेलींची मुळे खोल गेलेली असल्याने त्या सहसा तक्रार करीत नाहीत. ती वेल काढून नवी लावली, आणि माती आम्ल असली, म्हणजे कोवळी मुळे खुरटतात. गांडुळांनाही ही माती मानवत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय पाहणीत द्राक्षमळ्यांच्या मातीत किलोमागे सरासरी सुमारे ४९ मिलिग्रॅम तांबे आढळले. सर्व जमिनींची सरासरी १७ च्या आसपास होती.

२०१९ पासून युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली. तिची खरी झळ कृत्रिम औषधे वर्ज्य मानणाऱ्या सेंद्रिय बागाइतदारांना लागली. कारण केवड्यापुढे त्यांचा मुख्य आधार मोरचूदच. नाशिकच्या द्राक्षबागांतही ‘बोर्डो’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. तो मुळात एका फ्रेंच शहराचे नाव आहे, हे तेथे क्वचितच कोणाच्या मनात येत असेल.